एमआरआयसाठी गाइडवायर: मटेरियल निवडण्यापासून लेबल लावण्यापर्यंत

गाइडवायर म्हणजे शिरेतून आत सरकवायची बारीक वायर; तिच्यावरून कॅथेटर नावाची नळी हव्या त्या जागी नेतात. इथे प्रश्न हे काम एमआरआय मशीनमध्ये करण्याचा आहे. गाइडवायरवर काम करणारे विद्यार्थी, छोटे उत्पादक, कधीकधी कॅथ लॅबमधले मुरलेले लोकसुद्धा खिशातून लोहचुंबक काढतात, वायरला लावतात आणि चिकटत नाही असं दिसलं की ‘ही एमआरआयला चालेल’ म्हणून मोकळे होतात. त्यांना फार दोष देता येत नाही. जानेवारी 2018 मध्ये मुंबईत ऑक्सिजनचं सिलिंडर एमआरआय मशीनकडे खेचलं जाऊन एकाचा जीव गेला, तेव्हापासून आपल्याकडे या खोलीची भीती म्हणजे खेचलं जाण्याची भीती. गाइडवायरचा मुख्य धोका वेगळा आहे. लांब, बारीक आणि वीज वाहणारी कुठलीही वायर मशीनच्या रेडिओलहरींत अँटेना होते आणि तिचं टोक तापतं. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नेहमीच्या वापरातली गाइडवायर मिठाच्या पाण्यात अर्धवट बुडवून स्कॅन केली, तेव्हा टोकाचं तापमान 30 सेकंदांत 26 अंशांवरून 74 अंशांपर्यंत गेलं. चुंबक लावून यातलं काहीच कळत नाही.

खालचा क्रम एका ठरावीक वायरसाठी मांडला आहे: जाडी 0.035 इंच म्हणजे 0.89 मिमी, मशीन 1.5 टेस्ला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राच्या ताकदीचं माप), मांडीच्या शिरेतून हृदयाच्या उजव्या कप्प्यांपर्यंत न्यायची, कोअर (आतला गाभा) ग्लास फायबरचा. दुसरी वायर असेल तर आकडे बदलतील, क्रम बदलू नका.

## टप्पा 1: मटेरियलआधी वापर लिहून काढा

नमुने मागवायच्या आधी एका कागदावर या गोष्टी लिहा:

1. मशीन किती टेस्लाचं? 1.5 टेस्लाला रेडिओलहरींची वारंवारता साधारण 64 मेगाहर्ट्झ, 3 टेस्लाला 128. एका मशीनवरचा निकाल दुसऱ्यावर चालत नाही, आणि ‘3 टेस्लाला पास झाली म्हणजे 1.5 ला होणारच’ हेही खरं नाही.
2. वायरची एकूण लांबी किती आणि शरीरात जास्तीत जास्त व कमीत कमी किती जाणार?
3. कुठल्या कॅथेटरमधून जाणार? कॅथेटरच्या भिंतीत स्टीलची जाळी असेल तर वायर कितीही चांगली असो, काम तिथेच फसलं.
4. रुग्ण अडचणीत आला तर एक्स-रेखाली हलवावा लागेल का? लागणारच असेल तर वायर एक्स-रेतही दिसली पाहिजे. हे शेवटी आठवलं की जॅकेट (कोअरवरचं प्लॅस्टिकचं आवरण) पुन्हा पहिल्यापासून बनवावं लागतं.

तपासा: कागदावर ‘सर्व मशीनसाठी’ किंवा ‘सर्व लांबींसाठी’ असं कुठे लिहिलं असेल तर ते खोडा.

## टप्पा 2: खेच, ताप आणि प्रतिमा हे तीन प्रश्न वेगळे ठेवा

बहुतेक चुका इथे होतात, कारण तिन्ही प्रश्नांना मिळून एकच उत्तर शोधलं जातं.

खेच मटेरियलच्या चुंबकीय गुणावर ठरते. प्रतिमेतला काळा डाग, म्हणजे आर्टिफॅक्ट, मटेरियलची चुंबकीय ग्रहणशीलता (चुंबकीय क्षेत्रात ते किती चुंबकित होतं) आसपासच्या ऊतींपेक्षा किती वेगळी आहे यावर ठरतो. ताप मात्र वीज वाहण्याची क्षमता, लांबी, इन्सुलेशन आणि वायरची मशीनमधली जागा यांवर ठरतो. तिन्ही कारणं वेगळी, म्हणून चाचण्याही वेगळ्या.

ग्रहणशीलतेचे काही आकडे पीपीएममध्ये (दशलक्षांशांत): पाणी उणे 9, तांबं जवळपास तेवढंच, सोनं उणे 34, टंगस्टन 77, टँटॅलम 178, टायटॅनियम 182, नायटिनॉल (निकेल-टायटॅनियमचा मिश्रधातू) साधारण 245, प्लॅटिनम 279. ज्याला आपण ‘नॉन-मॅग्नेटिक’ म्हणतो ते स्टेनलेस स्टील मात्र 3500 ते 6700 च्या घरात. नायटिनॉलचा डाग सुसह्य आणि स्टीलचा प्रतिमा खाऊन टाकणारा का, हे यावरून कळतं.

आता तांब्याकडे पुन्हा बघा. चुंबकाला चिकटत नाही, ग्रहणशीलता पाण्याइतकी, म्हणजे खेच नाही आणि त्या कारणाचा डागही जवळजवळ नाही. तरीही दीड मीटर तांब्याची तार रुग्णाच्या शिरेत घालून स्कॅन सुरू करणं हा निव्वळ वेडेपणा आहे. तीनपैकी दोन परीक्षा पहिल्या श्रेणीत पास झालेलं मटेरियल तिसरीत जीव घेऊ शकतं. ‘नायटिनॉल चुंबकाला चिकटत नाही, म्हणजे चालेल’ हा गैरसमज नेमका याच जातीचा आहे.

सावधान: स्टीलबाबत पुरवठादाराच्या ‘304, नॉन-मॅग्नेटिक’ या प्रमाणपत्रावर विसंबू नका. 304 या जातीच्या स्टेनलेस स्टीलचा जाड दांडा चुंबकाला दाद देत नाही, पण तोच डायमधून (बारीक भोकाच्या साच्यातून) ओढत ओढत बारीक तार केली की त्याची अंतर्गत रचना बदलते आणि चुंबक लागायला लागतो. टोकावरची स्प्रिंगसारखी कॉइल कापून काचेवर ठेवा आणि जवळ चुंबक न्या. ती सरकताना दिसेल. चुंबकाचा खरा उपयोग एवढाच: नापास करायला तो पुरतो, पास करायला नाही.

## टप्पा 3: कोअर निवडा

पर्याय थोडेच आहेत.

नायटिनॉल हाताला उत्तम, पण वीज वाहतो. पूर्ण लांबीचा नायटिनॉल कोअर 1.5 टेस्लाला नेहमीच्या स्कॅनमध्ये नको. कमी क्षेत्राच्या, 0.55 टेस्लाच्या मशीनवर आणि कमी ऊर्जेच्या स्कॅनमध्ये नेहमीच्या धातूच्या वायरींपैकी काही वापरता आल्या आहेत, पण तो निकाल आपल्या मशीनवर आणू नका. दुसरा मार्ग म्हणजे कोअरचे लहान तुकडे करून मध्ये वीज न वाहणारे जोड देणं. तत्त्वतः पक्का, पण प्रत्येक जोड ही मोडायची जागा.

कार्बन फायबर पहिल्या नजरेत भुरळ घालतं: हलकं, ताठ, धातू नाही. पण ते वीज वाहतं. ‘कंपोझिट आहे’ एवढ्यावर ते यादीत घुसतं, म्हणून पहिल्याच फेरीत बाद करा.

पीक नावाचं प्लॅस्टिक वीज वाहत नाही, रक्ताशी जमवून घेतं, पण त्याचा ताठरपणा जेमतेम 4 गिगापास्कल. एकटं वापरलं तर वायर वळणावर मान टाकते. जोडीदार म्हणून ठीक.

अॅरामिड (केव्हलरच्या जातीचे) तंतू ओढायला जबरदस्त, दाबाखाली दुबळे. गाइडवायर आपण मागून ढकलतो, त्यामुळे निव्वळ अॅरामिड चालत नाही. पण टप्पा 4 मध्ये त्याची गरज पडणार आहे.

राहता राहिलं ग्लास फायबर. काचतंतूंचा ताठरपणा सुमारे 72 गिगापास्कल, रेझिनमध्ये (तंतू बांधून ठेवणाऱ्या प्लॅस्टिकमध्ये) 60 टक्के तंतू बसवले तर दांड्याचा 44 च्या आसपास. स्टीलच्या 190-200 पेक्षा खूपच कमी, पण नायटिनॉलच्या पट्ट्यात. वीज वाहत नाही, ग्रहणशीलता पाण्याच्या जवळपास. माझ्या मते या कामासाठी सुरुवात इथूनच करावी.

तपासा: ताठरपणा जाडीच्या चौथ्या घातात बदलतो. 0.89 मिमी ही बाहेरची जाडी. जॅकेट वजा जाता कोअर 0.6 मिमीचा उरला, तर पूर्ण जाडीच्या दांड्याच्या मानाने ताठरपणा पाचवा हिस्साच राहिला. हीच रचना 0.018 इंचात उतरवायला गेलात तर वायर सुमारे 14 पट लेची होते. 0.035 वर जमलं म्हणून 0.018 चं आश्वासन कोणाला देऊ नका.

## टप्पा 4: वायर घडवा, पण ती मोडणार हे धरून

ग्लास फायबरचा दांडा पुलट्रूजनने बनतो: तंतू रेझिनमधून भिजवून तापलेल्या साच्यातून ओढले जातात. त्यात तीन गोष्टी लोक विसरतात.

पहिली, पीळ. सगळे तंतू लांबीच्या दिशेने असले की वायर ढकलायला छान, पण मागचं टोक फिरवलं तरी पुढचं हलायला तयार नसतं, कारण पिळाचा सगळा भार रेझिनवर येतो. मुठीत वायर दोनदा फिरते, टोक तसंच राहतं आणि मग एकदम झटक्याने उडी मारतं. शिरेच्या तोंडाशी हा झटका नको. उपाय म्हणजे थोडे तंतू तिरके विणणं किंवा कोअरभोवती विणलेला थर देणं. ताठरपणा थोडा कमी होतो, होऊ द्या.

दुसरी, मोडणं. नायटिनॉल वाकतो, स्टील वाकून तसंच राहतं, ग्लास फायबर मात्र मर्यादेपर्यंत काहीच दाखवत नाही आणि मग काडकन तुटतं. तुटलेला तुकडा रक्तप्रवाहात गेला तर वायरचं बाकी सगळं कौतुक व्यर्थ. म्हणून अॅरामिडचे धागे टोकापासून शेपटीपर्यंत अखंड घाला. कोअर तुटला तरी धागा तुकड्याला धरून ठेवतो आणि वायर मागे ओढता येते. ही सोय ऐच्छिक समजू नका.

तिसरी, टोक. शेवटचे काही सेंटिमीटर मऊ आणि निमुळते हवेत. काही जण इथे नायटिनॉलचा छोटा तुकडा बसवतात. 1.5 टेस्लाला पाण्यात लाटेची लांबी सुमारे 52 सेमी भरते. तुकडा तिच्या पाव भागाच्या, म्हणजे 13 सेमीच्या, बऱ्यापैकी आत ठेवला आणि त्याला दुसरा धातू टेकत नसेल तर तापण्याची शक्यता कमी होते. पण मग वायर ‘धातूविरहित’ राहत नाही, आणि लेबल बदलतं.

सावधान: जॅकेटचा रंग विचारून घ्या. काळ्या रंगासाठी कधी कार्बन ब्लॅक घालतात, कधी काळं आयर्न ऑक्साइड, आणि काळं आयर्न ऑक्साइड म्हणजे मॅग्नेटाइट. रंगानेच प्रतिमेत डाग उठला तर तुम्ही आठवडाभर कोअरला शिव्या देत बसाल. तेच स्टीलच्या हत्यारांचं: साच्यातून किंवा कात्रीतून झडलेले लोखंडाचे कण जॅकेटखाली अडकले की स्कॅनमध्ये ठिकठिकाणी ठिपके दिसतात. दांडा कापायला डायमंड चाक घ्या. पक्कडीने कापाल तर टोकाला झाडूसारखे तंतू फुटतात आणि त्या फटींतून पाणी आत शिरतं.

एक्स-रेत दिसण्यासाठी जॅकेटच्या प्लॅस्टिकमध्ये टंगस्टनची पूड किंवा बेरियम सल्फेट मिसळता येतं. टंगस्टनचं प्रमाण इतकंच ठेवा की कण एकमेकांना टेकून विजेची वाट तयार होणार नाही. मल्टिमीटर दोन्ही टोकांना लावून ‘वीज जात नाही’ म्हणू नका; जवळजवळ असलेल्या कणांमधून उच्च वारंवारतेची वीज उडी मारून जाते. खरा निकाल टप्पा 7 मध्येच लागतो.

## टप्पा 5: दिसण्याची सोय करा

धातू काढून टाकल्यावर नवाच प्रश्न उभा राहतो: वायर प्रतिमेत दिसतच नाही. डॉक्टरला न दिसणारी वायर कितीही न तापणारी असली तरी धोकादायकच. म्हणून मुद्दाम, मोजूनमापून डाग पाडायचे.

दोन मटेरियलं प्रचलित आहेत. आयर्न ऑक्साइडचे सूक्ष्म कण अगदी थोडे लागतात. ते चुंबकीयदृष्ट्या लवकर संपृक्त होतात, म्हणजे क्षेत्र वाढवलं तरी त्यांचं चुंबकत्व पुढे वाढत नाही, त्यामुळे डागाचा आकार मशीनच्या टेस्लानुसार फारसा बदलत नाही. डिस्प्रोसियम ऑक्साइड जास्त लागतं आणि त्याचा डाग टेस्लाबरोबर वाढतो.

1. टोकाजवळ एक ठळक खूण, मागे ठरावीक अंतरावर लहान खुणा. टोकाची खूण वेगळी ओळखू आली पाहिजे.
2. खुणेचा डाग वायरच्या दिशेवर अवलंबून असतो: मशीनच्या मुख्य क्षेत्राला समांतर असताना वेगळा, आडवी असताना वेगळा. दोन्ही दिशांत बघा.
3. इको टाइम (रेडिओलहर सोडल्यापासून सिग्नल वाचेपर्यंतचा वेळ) वाढवला की डाग फुगतो. ज्या स्कॅनवर प्रत्यक्ष काम होणार तोच लावून प्रमाण ठरवा.

नेहमीची चूक म्हणजे ‘नीट दिसू दे’ म्हणून खुणेचं मटेरियल दुप्पट करणं. मग डाग शिरेपेक्षा रुंद होतो, आणि वायर शिरेच्या आत आहे की भिंतीला भिडली आहे हेच कळत नाही.

## टप्पा 6: आधी निर्जंतुक करा, मग मोडून बघा

इथे क्रम उलटा करणारे बरेच आहेत. कारखान्यातून आलेल्या ताज्या वायरवर ताकदीच्या चाचण्या करतात आणि निर्जंतुकीकरण शेवटी. इथिलीन ऑक्साइडचा ओलावा आणि ऊब रेझिनवर परिणाम करू शकते. गॅमा किरणांनी टेफ्लॉनसारखं कोटिंग ठिसूळ होतं. रुग्णाच्या शिरेत निर्जंतुक केलेली वायर जाणार आहे, म्हणून चाचणीलाही तीच घ्या.

1. निर्जंतुक नमुने 37 अंशांच्या सलाइनमध्ये ठेवा, शिरेतून केलेल्या एका उपचाराला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ.
2. ओल्या अवस्थेतच वाकवणं, गुंडाळणं, ओढणं, पीळ देणं. शिरांतून वापरायच्या गाइडवायरसाठी आयएसओ 11070 मध्ये तुटण्याची आणि वाकवण्याची चाचणी दिली आहे, तिथून सुरुवात करा. मात्र ते मानक धातूच्या वायरी डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेलं आहे. कंपोझिटसाठी पीळ देऊन तोडण्याची चाचणी स्वतःहून जोडा.
3. काही नमुने मुद्दाम तोडा आणि अॅरामिडच्या धाग्याने तुकडा धरून ठेवला का ते बघा. नंतर तीच तुटकी वायर शीथमधून (शिरेच्या तोंडाशी बसवतात त्या नळीतून) मागे ओढा. तंतूंच्या कुसळांनी शीथ खरवडली तर जॅकेट जाड करावं लागेल.

तपासा: ओल्या गॉजमधून वायर दहा-वीस वेळा ओढा आणि गॉज भिंगाखाली धरा. काचेची कुसळं किंवा कोटिंगचे पापुद्रे दिसले तर पुढे जाऊ नका.

## टप्पा 7: तापाची चाचणी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

तयारी. पसरट डब्यात मीठ आणि घट्ट करणारा पदार्थ घालून जेल बनवा, विद्युतवाहकता सुमारे 0.47 सीमेन्स प्रति मीटर. एएसटीएम या अमेरिकी मानकसंस्थेच्या एफ2182 या मानकात हेच आहे. नुसत्या पाण्यात चाचणी घेतली तर पाणी फिरत राहतं, टोकाची उष्णता वाहून नेतं आणि आकडा गोंडस येतो. ‘शरीरात रक्तही वाहतंच की’ हा युक्तिवाद मान्य करू नका. वायरचं टोक भिंतीला टेकलं की तिथे रक्त फिरत नाही. तापमान फायबर ऑप्टिक प्रोबनेच मोजा. धातूचा थर्मोकपल स्वतःच अँटेना होतो.

1. प्रोब टोकाला अगदी भिडवून बसवा. एखाद-दोन मिलिमीटर सरकला तरी उंच शिखर हातचं जातं. चाचणीआधी आणि नंतर दोन्ही वेळा फोटो काढून जागा पक्की करा.
2. सर्वप्रथम मुद्दाम वाईट वायर लावा: नेहमीचा नायटिनॉल. ती तापली पाहिजे. तापली नाही तर तुमची मांडणीच चुकली आहे, आणि नंतर ग्लास फायबर ‘तापलं नाही’ या निकालाला काडीची किंमत नाही. ही पायरी वगळलेले अहवाल मी सरळ बाजूला ठेवतो.
3. वायर डब्याच्या मध्यभागी ठेवू नका. मशीनच्या भिंतीजवळ, जिथे विद्युतक्षेत्र जोरात असतं, तिथे ठेवा. मध्यभागी नायटिनॉलही शहाण्यासारखा वागू शकतो.
4. जेलमध्ये बुडालेली लांबी बदलत जा. बुडालेला भाग आणि बाहेर हवेत लोंबणारा भाग मिळून वायर ‘सुरात’ येते, आणि तो सूर इन्सुलेशनच्या जाडीवरही अवलंबून असतो. त्यामुळे एका लांबीवर गार असलेली वायर 5-10 सेमी पुढे गेल्यावर पेटू शकते. सूत्राने काढलेल्या ‘सुरक्षित लांबी’वर भरवसा ठेवू नका, मोजत पुढे जा.
5. प्रत्यक्ष कामापेक्षा जड स्कॅन लावा. एफ2182 मध्ये 15 मिनिटं रेडिओऊर्जा देतात. किती तापमानवाढ चालेल तो आकडा चाचणीआधी लिहून ठेवा.
6. जॅकेट ब्लेडने खरवडलेली आणि टोक झिजलेली वायरही लावा.

कोअर पूर्ण धातूविरहित असेल तर ‘मग ही कटकट कशाला’ असं वाटेल. टंगस्टनची पूड, खुणेचे कण आणि फटीतून आत शिरलेलं खारं पाणी यांच्यासाठी.

सावधान: चाचणीच्या वेळी बाहेरची धातूची वायर उघड्या हाताने धरू नका. वर सांगितलेल्या 2000 च्या प्रयोगात वायरला हात लागताच त्या जागी ती एकदम तापली आणि एकाची कातडी भाजली.

## टप्पा 8: प्रतिमा आणि खेच

हे तुलनेने सोपं. एएसटीएम एफ2052 प्रमाणे वायरचा तुकडा दोऱ्याने टांगून मशीनच्या तोंडाशी नेतात आणि दोरा उभ्या रेषेपासून किती कलला ते मोजतात. 45 अंश म्हणजे खेच वजनाइतकी. धातूविरहित वायर जवळपास हलत नाही. हलली तर लोखंडाचे कण शोधा.

प्रतिमेसाठी एएसटीएम एफ2119 आहे, पण ते स्थिर वस्तूचं माप देतं. त्याशिवाय पंपाने पाणी फिरवलेल्या नळीत वायर हलवत प्रत्यक्ष वेळेतलं स्कॅन बघा. शक्य असेल तर पडद्यासमोर त्या डॉक्टरलाच बसवा आणि विचारा, टोक कुठे आहे. उत्तराला वेळ लागला तर टप्पा 5 वर परत या.

## टप्पा 9: लेबल

एएसटीएम एफ2503 प्रमाणे तीनच खुणा आहेत: हिरवा चौकोन म्हणजे एमआर सेफ, पिवळा त्रिकोण म्हणजे एमआर कंडिशनल, तिरकी रेघ मारलेलं लाल वर्तुळ म्हणजे एमआर अनसेफ. वायरमध्ये कुठेही धातू किंवा वीज वाहणारं काही असेल, अगदी टोकाचा नायटिनॉल किंवा जॅकेटमधली टंगस्टनची पूडसुद्धा, तर हिरवा चौकोन विसरा. पिवळा त्रिकोण लावा आणि त्याच्यासोबत अटी छापा: किती टेस्ला, स्कॅनची ऊर्जामर्यादा किती, कुठल्या कॅथेटरबरोबर. ‘एमआर कम्पॅटिबल’ एवढंच छापून सोडू नका, त्यात अटी येत नाहीत. भारतात विकायची असेल तर वैद्यकीय उपकरण नियम 2017 खालची परवानगी वेगळी घ्यावी लागेल, आणि त्या फायलीला चाचणीतल्या नायटिनॉल वायरचे आकडेही जोडा.

पाकीट उघडल्यावर ही वायर आणि नेहमीची 0.035 ची वायर शेजारी ठेवल्या तर ओळखू येत नाहीत. जॅकेटच्या शेपटीकडे वेगळा रंग द्या (आयर्न ऑक्साइड नसलेला), आणि एमआरआय खोलीच्या ट्रॉलीवर धातूची एकही वायर ठेवू देऊ नका.